भांगलणीला बाया का मिळत नाहीत?

कर्नाटकातल्या निपाणी-खानापूर पट्ट्यात भांगलण (पिकातलं तण काढणं) तोंडावर आली की शेतमालकांचं एक गाऱ्हाणं ठरलेलं: "गृहलक्ष्मीचे दोन हजार पडायला लागले, आता बाया कशाला येतील?" सीमेपलीकडे, कोल्हापूर-सांगलीतही २०२४ पासून लाडक्या बहिणीच्या पंधराशेवरून हाच सूर आहे.

गृहलक्ष्मी ही बाईच्या खात्यात महिन्याला दोन हजार टाकणारी कर्नाटक सरकारची योजना ३० ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली. तिला कुणी सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणेल, पण ती तशी नव्हे. तसं उत्पन्न सगळ्यांना, विनाअट मिळायला हवं. इथं पैसे घरातल्या एकाच कर्त्या बाईला, तेही करदात्यांची घरं वगळून.

गाऱ्हाणं मात्र योजनेपेक्षा फार जुनं. २०१३ मध्ये कर्नाटकच्या अन्नभाग्य या रेशन योजनेचा तांदूळ आला, तेव्हाही लोक आळशी होणार असंच बोललं गेलं. त्याचं मूळ शोधत गेलं तर इंग्लंडच्या बर्कशायरमध्ये पोचतो. १७९५ मध्ये पाव महागला, तेव्हा स्पीनहॅमलँडला जमलेल्या न्यायाधीशांनी पावाचा दर आणि घरातली माणसं पाहून मजुराची कमाई भरून काढायची असं ठरवलं. गरिबांच्या मदतीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानं १८३४ मध्ये ठपका ठेवला, या मदतीनं मजूर बिघडले. त्याच वर्षी कायदा झाला: धडधाकट माणसाला मदत हवी तर त्यानं वर्कहाऊसमध्ये, म्हणजे काम करून घेणाऱ्या गरीबगृहात, जावं. १९६० च्या दशकात अर्थतज्ज्ञ मार्क ब्लॉग यांनी आयोगाचं दप्तर पुन्हा चाळलं, तर निष्कर्ष आधी आणि पुरावा मागून, असा प्रकार. तोवर समज जगभर रुजला होता.

विनाअट रोख देऊन पाहण्याचा आपल्याकडचा प्रयोग मध्य प्रदेशातला. 'सेवा' या कष्टकरी बायांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं २०११-१२ मध्ये काही गावांत मोठ्यांना महिना २०० आणि मुलांना १०० रुपये दिले. पुढे ३०० आणि १५० केले. काम घटलं नाही. लोक दुसऱ्याच्या मजुरीवरून स्वतःच्या शेताकडे वळले. माझ्या मते गाऱ्हाण्याचा उलगडा इथंच आहे: बांधावरून पाहणाऱ्याला बाई 'कामाला येत नाही' एवढंच दिसतं.

महाराष्ट्रानं वेगळी वाट धरली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात करून पाहिलेल्या रोजगार हमीत आधी काम, मग दाम.

निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारीला मजुरी हजारामागे. हात थांबला की कमाई थांबली. दोन हजार म्हणजे दिवसाला सहासष्ट रुपये, आणि हप्ता रखडला की तेही नाहीत. तेवढ्यावर सूप खाली कोण ठेवील?