पिमेंटो चीजच्या सँडविचमधलं पाणी जातं कुठे?

अमेरिकेच्या दक्षिणेकडे, म्हणजे जॉर्जिया, दोन्ही कॅरोलायना, अलाबामा, टेनेसी या पट्ट्यात कुठल्याही घरगुती कार्यक्रमाला गेलात, लग्नाआधी नवरीसाठी केलेला ब्रायडल शॉवर असो, डोहाळजेवणासारखा बेबी शॉवर असो नाहीतर चर्चमध्ये अंत्यविधीनंतरचं जेवण असो, टेबलावर एक ताट हमखास दिसतं. पांढऱ्या पावाचे कडा कापलेले लांबट तुकडे आणि आत केशरी रंगाचं, मधेमधे लाल ठिपके असलेलं चीज. हे पिमेंटो चीजचं फिंगर सँडविच. किसलेलं चेडर नावाचं घट्ट चीज, मेयोनेज आणि पिमेंटो नावाची गोडसर लाल मिरची, बस्स, एवढंच. जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात होणाऱ्या मास्टर्स गोल्फ स्पर्धेला हेच सँडविच दीड डॉलरला मिळतं आणि लोक आवडीने रांगा लावून घेतात. अटलांटा नाहीतर शार्लटला राहणारे आपले मराठी लोकही ऑफिसच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कधी ना कधी हे खातातच.

करायला इतकं सोपं, पण पन्नास माणसांसाठी सकाळी करून दुपारी वाढायचं म्हटलं की खरी परीक्षा. कधी पाव ओला लिबलिबीत होतो, कधी वरून वाळून कडक होतो आणि कोपरे वर वळतात, कधी चीजमधून पाणी सुटतं, कधी कापताना सगळं सारण बाजूने बाहेर येतं. माझ्या मते यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीचं मूळ एकच आहे, पाणी कुठे आहे आणि कुठे जायला बघतंय. दक्षिणेतल्या आज्या जे नियम सांगतात, चीज हातानेच किसा, मिरची कोरडी करा, ओला टॉवेल घाला, ते सगळे या पाण्यालाच आवर घालणारे नियम आहेत.

आता गंमत म्हणजे हा पदार्थ मुळात दक्षिणेतला नाहीच. 1870 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात क्रीम चीज बनायला लागलं, त्याच सुमारास स्पेनमधून भाजून सोललेली लाल मिरची डब्यात भरून यायला लागली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेतल्या कोणीतरी या दोघांची गाठ घातली. पुढे 1910 च्या दशकात जॉर्जियातल्या ग्रिफिन गावाच्या आसपास या मिरचीची शेती आणि कॅनिंग सुरू झालं, मिरची स्वस्त झाली, आणि घरोघरच्या बायकांनी क्रीम चीजऐवजी वाण्याकडे मिळणारं साधं पिवळं चीज किसून मेयोनेजमध्ये कालवायला सुरुवात केली. उत्तरेत हा प्रकार हळूहळू मागे पडला, दक्षिणेत मात्र घरचाच झाला.

चीजपासून सुरू करू. 100 ग्रॅम चेडरमध्ये साधारण 33 ग्रॅम फॅट आणि 37 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, म्हणजे हाताला कोरडी लागणारी ही वडी एक तृतीयांशाहून जास्त पाणीच आहे. ते वाहत नाही कारण केसीन नावाच्या प्रोटीनचं जाळं कॅल्शियमने बांधलेलं असतं आणि पाणी आणि फॅट दोन्ही त्यात अडकून राहतात. चीज कोवळं असेल तर हे जाळं घट्ट आणि रबरासारखं असतं, किस मेयोनेजमध्ये नुसता पोहत राहतो, एकजीव होत नाही. चीज जसं मुरतं तसे रेनेटमधले, म्हणजे दूध फाडायला घातलेल्या विरजणातले, आणि बॅक्टेरियांचे एन्झाइम प्रोटीन तोडत जातात, जाळं सैल होतं, आणि तुटलेल्या प्रोटीनमधून ग्लुटामेटसारखे चवीचे घटक मोकळे होतात, म्हणून मुरलेलं चेडर एकाच वेळी जास्त खमंग पण लागतं आणि जास्त सहज मिसळतं पण. फार जुनं घेतलंत तर मात्र भुसभुशीत होतं आणि दाताखाली खडे लागतात, ते कॅल्शियम लॅक्टेट नाहीतर टायरोसिनचे स्फटिक असतात, खायला काहीच वाईट नाहीत पण या सँडविचमध्ये शोभत नाहीत. लेबलवर शार्प लिहिलेलं, म्हणजे बऱ्यापैकी मुरलेलं चेडर मला यासाठी सगळ्यात बरं वाटतं. केशरी रंग बहुतेक वेळा शेंदरीच्या बियांचा असतो, चवीशी त्याचा फारसा संबंध नाही.

पिशवीतलं आधीच किसलेलं चीज आणू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. त्या किसाचे तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर सेल्युलोजची पूड नाहीतर बटाट्याचा स्टार्च भुरभुरवलेला असतो. तुकडे सुटे ठेवणं हेच त्या पुडीचं काम आणि ती ते पिशवीबाहेर पण इमानेइतबारे करत राहते, मेयोनेजमधलं पाणी शोषते, किसाला मेयोनेज धरू देत नाही, आणि सगळं मिश्रण पिठूळ लागतं. वडी आणा, फ्रीजमधून काढल्या काढल्या किसा. थंड असताना दुधाचं फॅट बरंचसं घट्ट असतं म्हणून किस सुटा पडतो, तीच वडी तासभर बाहेर राहिली की किसणीला लोण्यासारखी फासली जाते. अर्धं जाड आणि अर्धं बारीक किसलं तर बारीक किस मेयोनेजमध्ये विरघळल्यासारखा होऊन सगळ्याला बांधतो आणि जाड किस चावायला राहतो. आणि कालवताना मात्र किस दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून थोडा मऊ होऊ द्या, म्हणजे जोर न लावता मिळून येतो.

मेयोनेज म्हणजे थोड्याशा पाण्यात कोंबलेलं भरपूर तेल. अमेरिकन नियमाप्रमाणे मेयोनेज म्हणवून घ्यायला वजनाने कमीत कमी 65 टक्के वनस्पती तेल असावं लागतं. तेलाचे बारीक थेंब संध्याकाळच्या विरार लोकलमधल्या माणसांसारखे एकमेकांना खेटून उभे असतात, हलायला जागाच नाही, म्हणून द्रव पदार्थांपासून बनलेलं असूनही मेयोनेज चमच्यावर उभं राहतं. थेंब एकमेकांत मिसळू नयेत हे काम अंड्याच्या पिवळ्या बलकातलं लेसिथिन आणि प्रोटीन करतात. दक्षिणेत ड्यूक्स नावाच्या मेयोनेजवर लोकांची भारी निष्ठा आहे, त्यात साखर नसते आणि बलक जास्त असतो. त्याची गोष्टही याच सँडविचशी जोडलेली आहे. 1917 साली साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल गावात युजिनिया ड्यूक नावाच्या बाई जवळच्या कॅम्प सेव्हियरमधल्या सैनिकांना घरी केलेली सँडविचेस दहा सेंटला विकायच्या, पिमेंटो चीजची पण, आणि लोकांना आतलं मेयोनेज इतकं आवडलं की पुढे त्यांनी तेच बाटलीत भरून विकायला काढलं.

अर्धा किलोला थोडं कमी, म्हणजे 450 ग्रॅम चेडर असेल तर अर्धा कप मेयोनेज पुरतं. आणखी घालायचा मोह होतो कारण सुरुवातीला मिश्रण कोरडं दिसतं, पण थांबा, अजून मिरची यायचीय.

पिमेंटो ही हृदयाच्या आकाराची, जाड गराची मिरची, तिखटपणा जवळजवळ नाहीच, स्कोव्हिल मोजपट्टीवर 100 ते 500 च्या आसपास. जात कॅप्सिकम अॅन्युअम, म्हणजे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्याला आणलेल्या मिरचीच्याच गोतावळ्यातली, आपली बेडगी पण याच जातीची. दोघींचा लाल रंग मुख्यतः कॅप्सँथिन या द्रव्याचा आणि ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही, म्हणूनच बेडगीचा तर्री येतो आणि म्हणूनच पिमेंटो चीज रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की मेयोनेज जास्त केशरी दिसायला लागतं, चिमूटभर लाल तिखट घातलं असेल तर आणखीच.

पण बरणीतल्या पिमेंटोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि साल काढण्यासाठी ती भाजलेली असल्यामुळे पेशींच्या भिंती आधीच खिळखिळ्या झालेल्या असतात, त्या पाणी धरून ठेवूच शकत नाहीत. त्यात चीजमधलं मीठ ते पाणी बाहेर ओढतं. त्यामुळे नुसतं चाळणीवर निथळून चालत नाही. मिरची कागदी टॉवेलवर पसरा, वरून दुसरा टॉवेल ठेवून तळहाताने दाबा, मग चिरा, आणि चिरल्यावर परत एकदा दाबा, कारण प्रत्येक नव्या कापाबरोबर नवं पाणी सुटतं. दुसऱ्या वेळी पण कागदावर चांगला लालसर ओला डाग उमटलेला दिसतो, ते सगळं पाणी पावात जाणार होतं. 113 ग्रॅमची एक बरणी वरच्या मापाला बरोबर.

काही जण कांदा किसून घालतात. कांदा किसला की पेशी फुटून त्यातला एन्झाइम गंधकाची उग्र संयुगं बनवतो, ताज्या ताज्या मस्त लागतं, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या डब्याला तोच वास. आदल्या दिवशी करून ठेवणार असाल तर कांदा नकोच. आणि आदल्या दिवशीच करावं, कारण तिखट, मिरी, मिरचीचा गोडवा हे सगळं फॅटमध्ये उतरायला वेळ लागतो.

आता पाव. इथे बहुतेक लोकांचा समज असा की पाव शिळा होतो म्हणजे वाळतो. बुसँगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1852 मध्येच दाखवलं होतं की पाण्याचा थेंबही न गमावता पाव शिळा होतो. भाजताना फुगलेला स्टार्च थंड झाल्यावर हळूहळू परत स्फटिकासारखा रचला जातो आणि पाव कडक, भुगाभुगा होतो, आणि ही क्रिया सगळ्यात वेगाने होते ती फ्रीजच्या तापमानाच्या आसपास. म्हणजे सारण फ्रीजमध्ये राहायला हवं आणि पावाला फ्रीज मानवत नाही, असा हा पेच. उपाय असा की पाव बाहेरच ठेवायचा, सँडविच कार्यक्रमाच्या दिवशीच भरायचं आणि फ्रीजमध्ये दोन-चार तासच ठेवायचं. दुकानातला मऊ पांढरा स्लाइस पाव इथे खरंच उपयोगी, कारण त्यात सहसा मोनोग्लिसराइड किंवा स्टार्च तोडणारे एन्झाइम असतात ते हे शिळं होणं लांबवतात. खमंग गावठी पाव मला एरवी कितीही आवडत असला तरी या कामाला नको.

काकडीच्या सँडविचला लोणी आधी लावतात ते पावात पाणी उतरू नये म्हणून. पिमेंटो चीज स्वतःच इतकं फॅटचं की मिरची नीट कोरडी केली असेल तर वेगळं लोणी लागत नाही. फक्त सारण अगदी कडेपर्यंत लावा, कारण कडा नंतर कापायच्या आहेत, मधेच ढीग ठेवला तर कापल्यावर बाजूचे तुकडे रिकामे निघतात. भरून झालं की कडा न कापता सँडविच अर्धा तास फ्रीजमध्ये. थंड झाल्यावर चीजमधलं फॅट परत घट्ट होतं आणि सुरी फिरवली तरी सारण जागचं हलत नाही. करवतीसारख्या दात्यांची लांब सुरी घ्या, दाबू नका, नुसती पुढेमागे ओढा, आणि प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पुसा. आधी चारी कडा, मग तीन सरळ पट्ट्या. वरच्या मापात 15-16 सँडविचेस होतात, म्हणजे 45-48 फिंगर.

कडा कापल्या की पावाचा आतला ओला भाग चहूबाजूंनी उघडा पडतो आणि एसीच्या कोरड्या हवेत अर्ध्या तासातच वरचा थर वाळतो. म्हणून तो टॉवेल. ओला करून घट्ट पिळलेला टॉवेल ताटावर घातला की आतली हवा बाष्पाने जवळजवळ भरून जाते आणि पावातलं पाणी बाहेर पडायला वावच राहत नाही. पण टॉवेल थेट पावावर टेकू देऊ नका, मधे मेणकागद ठेवा, नाहीतर टॉवेलचंच पाणी पाव पिऊन टाकतो.

वाढायच्या वीसेक मिनिटं आधी ताट बाहेर काढा, थंडगार चीजचा सुवास नाकापर्यंत पोचतच नाही. पण तिथून पुढे घड्याळाकडे लक्ष असू द्या. मेयोनेजमुळे पोट बिघडतं असा जो समज आहे तो तितकासा खरा नाही, बाटलीतलं मेयोनेज व्हिनेगरमुळे चांगलंच आंबट असतं आणि त्यात जंतूंना वाढणं कठीण जातं. चीज आणि मिरची मिसळल्यावर तो आंबटपणा पातळ होतो, हाताळणी वाढते, आणि धोका तिथे सुरू होतो. अमेरिकन कृषी खात्याचा नियम सोपा आहे, असे पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नकोत, आणि बाहेर 32 अंश सेल्सियसच्या वर गरमी असेल तर एकच तास. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात अंगणातल्या पार्टीला हा एकच तास धरायचा, मी यात अजिबात सूट देत नाही. एकदम सगळं मांडण्यापेक्षा छोटी छोटी ताटं फ्रीजमधून आणत राहा.

शाकाहारी पाहुणे असतील तर लेबल वाचा. मेयोनेजमध्ये अंडं असतं, बरेच जण चवीला वुस्टरशायर सॉस घालतात त्यात अँकोव्ही मासे असतात, आणि काही चेडर जनावराच्या रेनेटने केलेलं असतं. बिनअंड्याचं मेयोनेज चालतं, त्यात बलकाचं काम स्टार्च, डिंक नाहीतर दुधाचं प्रोटीन करतं, फक्त काहींमध्ये तेल कमी आणि पाणी जास्त असतं म्हणून थोडं कमी घाला. भारतात करणार असाल तर क्यूबवालं प्रोसेस्ड चीज टाळा, त्यातले क्षार केसीनचं कॅल्शियम काढून घेतात त्यामुळे ते गुळगुळीत वितळतं छान, पण त्याचा तो मुरलेला खमंगपणा आणि किसाचा पोत येत नाही. मुरलेलं चेडर आता मोठ्या शहरांत मिळतं, आणि पिमेंटोऐवजी लाल ढोबळी गॅसवर काळी होईपर्यंत भाजा, झाकून ठेवा, साल काढा आणि वर सांगितल्यासारखी दोनदा दाबा.

उरलेलं सारण फ्रीजमध्ये बंद डब्यात तीन-चार दिवस छान राहतं, फ्रीझरमध्ये मात्र टाकू नका. पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक तेलाच्या थेंबांभोवतीचं आवरण फोडतात, आणि वितळल्यावर तेल एकीकडे आणि पाणी एकीकडे होतं, मग कितीही ढवळलं तरी ते परत जुळत नाही.