लाँग राइडमधला थकवा

लाँग राइडमधला थकवा म्हणजे दिवसाला तीनचारशे किलोमीटर किंवा त्याच्या वर बाइक चालवताना शरीर आणि डोकं दोन्ही हळूहळू मंद होत जाणं. बरेच जण ह्याला नुसती झोप समजतात. पेंग येते ती खूप नंतर, त्याच्या बऱ्याच आधी अंदाज चुकायला लागलेला असतो, म्हणजे गिअर चुकीचा पडतो, स्पीडब्रेकर उशिरा दिसतो, इंडिकेटर दोन किलोमीटर तसाच चालू राहतो, ओव्हरटेक करताना समोरून येणारा ट्रक आहे त्यापेक्षा लांब वाटतो. आणि आपण थकलोय हे ओळखायचं काम ज्या डोक्याने करायचं तेच थकलेलं असतं, त्यामुळे रायडरला स्वतःला हे सगळ्यात शेवटी कळतं. म्हणून कुठे थांबायचं, किती वाजता गाडी लावायची हे घरून निघायच्या आधी, डोकं ताजं असताना ठरवायला हवं. बाकीच्या सगळ्या टिप्स ह्याच्या नंतर.

कारपेक्षा बाइकवर माणूस लवकर दमतो ह्याची कारणं साधी आहेत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेलं की छातीवर आणि मानेवर येणारा दाब दीडपटीहून जास्त होतो आणि तो तासन्‌तास तसाच असतो. हायवे स्पीडला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, त्याने कान तर खराब होतातच पण डोकंही शिणतं. फोमचे साधे इअरप्लग घातले तर हा आवाज बराच कमी होतो, हॉर्न तरीही ऐकू येतो. सिंगल सिलिंडर गाडीच्या व्हायब्रेशनने बोटं बधिर होतात ते वेगळं. त्यात ऊन असेल तर घाम वाऱ्यात लगेच सुकतो, आपल्याला घाम आलाय हेच कळत नाही आणि शरीरातलं पाणी कमी होत राहतं. लघवी गडद पिवळी झाली किंवा चार तासांत लागलीच नाही तर पाणी कमी पडलंय. पावसाळ्यात कोकणात उलटं होतं, ओल्या कपड्यांवर वारा लागून अंग गार पडतं आणि ब्रेकवरची बोटं हळू चालतात.

झोपेचं गणित मात्र नीट समजून घ्यायला हवं. शरीराच्या घड्याळात दिवसातून दोनदा उतार असतो, पहाटे साधारण २ ते ६ आणि दुपारी २ ते ४. मुंबई-पुण्याकडची ठरलेली सवय म्हणजे शुक्रवारी दिवसभर ऑफिस करायचं, रात्री ११ ला गोव्याला निघायचं, का तर रात्री ट्रॅफिक नसतो. आता सकाळी ७ ला उठलेला माणूस मध्यरात्री १७ तास जागा असतो, आणि १७ ते १९ तास जागरणानंतर माणसाचा रिस्पॉन्स रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा होतो हे प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडे कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सावंतवाडी यायच्या सुमारास उजाडतं तेव्हा २४ तास झालेले असतात आणि तुलना ०.१० टक्क्यांशी करावी लागते. ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही तो ह्या अवस्थेत ६६ नंबरच्या हायवेवर वळणं घेत असतो, आणि झोप मोजायचं मशीन कुठल्याच नाक्यावर नसतं.

पेंग आली की जी काही सेकंदांची डुलकी लागते तिला मायक्रोस्लीप म्हणतात. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे ३ सेकंदांत ६६ मीटर, तेही हँडल कोणाच्याच ताब्यात नसताना. काही वेळा डोळे उघडे असतानाही हे होतं. वारा लागतोय म्हणजे बाइकवर झोप लागणार नाही हा गैरसमज आहे. गेली १० मिनिटं रस्ता कसा होता ते आठवत नसेल, लेनमध्ये गाडी सरकत असेल, उगाच थंडी वाजत असेल तर पुढच्या टपरीपर्यंतच जायचं, पुढच्या शहरापर्यंत नाही. तोंडावर पाणी मारणं, गाणी लावणं, तंबाखू, ह्याने पाचदहा मिनिटं ढकलली जातात, झोप जात नाही.

झोपेवर इलाज झोपच. आदल्या रात्री ७-८ तास झोपायचं, रात्री दीडपर्यंत सॅडलबॅग भरत बसायचं नाही. रस्त्यात पेंग आली तर एक चहा किंवा कॉफी घेऊन लगेच १५-२० मिनिटं आडवं व्हायचं, कारण कॅफिन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो आणि दोन्हीचा फायदा एकदम मिळतो. तासभर झोपलात तर उठल्यावर उलट डोकं जड होतं, तेव्हा पुन्हा ताजं वाटेपर्यंत गाडीवर बसायचं नाही. एरवी दर ८० ते १०० किलोमीटरला, दमलो नसलो तरी, गाडीवरून उतरून १० मिनिटं चालायचं. पेट्रोलच्या भरवशावर थांबे ठेवू नयेत, स्प्लेंडरसारखी गाडी एका टाकीत पाचशेच्या पुढे जाते. जेवण हलकं ठेवायचं, पोहे, इडली, केळी, ताक, कोकम सरबत. कोल्हापुरात तांबडा-पांढरा भरपेट ओरपून दुपारी अडीचला निपाणीकडे निघणं हा मोह मला कळतो, पण मग दीड तास तिथेच काढावा.

रस्त्याप्रमाणे थकव्याची जात बदलते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दोन्हीवर टू-व्हीलरला बंदी आहे, त्यामुळे बाइकवाला जुन्या रस्त्याने गावांतल्या ट्रॅफिकमधून जातो आणि सतत क्लच-ब्रेक करून मनगटं दमतात. हुबळीनंतर चित्रदुर्गाकडे जाणाऱ्या सरळसोट रस्त्यावर ह्याच्या उलट, तिथे काहीच घडत नाही म्हणून झापड येते. लेह ३५०० मीटरवर आहे, तिथला दम ऑक्सिजन कमी असल्याचा असतो, पोचल्यावर पहिले दोन दिवस गाडीला हात लावू नये.

ग्रुपमध्ये अडचण लाजेची असते. 'मला झोप येतेय' असं म्हणायला कोणी तयार नसतं, आणि सगळे सगळ्यांच्या मागे जात राहतात. थांबे आधीच व्हॉट्सॲपवर ठरले असतील तर हे कोणाला बोलावं लागत नाही. नवखा रायडर लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढे चालणाऱ्याच्या, लगेच मागे ठेवतात, म्हणजे स्पीड त्याच्या हिशोबाने राहतो. पिलियनच्या, म्हणजे मागे बसलेल्याच्या, हेल्मेटचा टकटक धक्का बसायला लागला की मागचा झोपलाय, तेव्हाही थांबायचंच.

अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनची सॅडलसोर १००० ही राइड, २४ तासांत १००० मैल म्हणजे साधारण १६१० किलोमीटर, आपल्याकडेही पुष्कळ जण करतात. थांबे धरून सरासरी ६७ चा स्पीड लागतो, त्यामुळे ती जमते ती थांब्यांचं वेळापत्रक पाळणाऱ्याला, गाडी पळवणाऱ्याला नाही. दिवसाला ६०० किलोमीटर आरामात झालेले नसतील तर तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त जपायचं ते परतीला. रविवारची संध्याकाळ, दोन दिवसांचं जागरण, सोमवारचं ऑफिस डोक्यात, समोरून हाय बीम, व्हायझरवर किडे, आणि घर जवळ आल्यामुळे सैल पडलेलं लक्ष. साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतरचं एस वळण अपघातांसाठी बदनाम आहे ते अशाच टप्प्यावर येतं. त्याच्या आधी वाई फाट्याच्या आसपास कुठेतरी थांबावं, आणि जमत नाहीये असं वाटलं तर लॉज घेऊन घरी 'सकाळी येतो' असा फोन करावा. डुलकी काढायची तर रस्त्याच्या कडेला पार्किंग लाइट लावून नाही, मागून येणारा ट्रकवालाही तितकाच झोपेत असू शकतो. उजेड असलेला पेट्रोल पंप बघायचा, तिथल्या माणसाला सांगून गाडी आत घ्यायची, किल्ली खिशात घालायची आणि २० मिनिटांचा अलार्म लावायचा.