त्रिशलेचा पाळणा : चैत्रातला आणि भाद्रपदातला

रामनवमीला चार दिवस होतात आणि चैत्र शुद्ध त्रयोदशीला जैन मंदिरांत वर्धमानाचा, म्हणजे महावीरांचा, पाळणा हलतो. दिनदर्शिकेत 'महावीर जयंती' छापलेली असते. जैन घरांत मात्र 'जन्मकल्याणक' म्हणतात आणि हा शब्द जपायला हवा. जयंती कोणाही थोर माणसाची असते. गर्भ, जन्म, दीक्षा, केवलज्ञान (सर्वज्ञता) आणि निर्वाण ही पाच कल्याणकं, म्हणजे मंगल प्रसंग, फक्त तीर्थंकरांची, जैन धर्माची वाट दाखवणाऱ्या चोवीस जणांची.

परंपरेनं जन्मवर्ष इ.स.पू. 599. वडील सिद्धार्थ, आई त्रिशला. बाळ गर्भात आल्यापासून घरातलं धनधान्य वाढत गेलं म्हणून नाव वर्धमान. तिथीबद्दल श्वेतांबर आणि दिगंबर या जैनांच्या दोन पंथांत वाद नाही. पण आईला पडलेली स्वप्नं श्वेतांबर 14 मोजतात, दिगंबर 16. गर्भ आधी देवानंदा ब्राह्मणीच्या पोटी होता आणि हरिनैगमेषी देवानं तो त्रिशलेकडे आणला, ही श्वेतांबरांची कथा दिगंबरांना मान्य नाही. ती फार जुनी आहे एवढं नक्की: मथुरेच्या कंकाली टीला इथल्या कुशाणकालीन शिल्पपटावर हा बोकडाच्या तोंडाचा देव नावासकट कोरलेला आहे.

श्वेतांबरांच्या कल्पसूत्र या धर्मग्रंथात ही जन्मकथा आहे आणि तिचा प्रवास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पूर्वी चातुर्मासात साधू हे सूत्र आपसांतच वाचत. परंपरा सांगते, आनंदपूरचा, म्हणजे आजच्या गुजरातमधल्या वडनगरचा, राजा ध्रुवसेन पुत्रशोकात होता. त्याचं सांत्वन व्हावं म्हणून ते पहिल्यांदा सर्वांसमोर वाचलं गेलं. महावीरांच्या निर्वाणापासून मोजल्या जाणाऱ्या वीर निर्वाण संवताचं वर्ष 980 किंवा 993, म्हणजे इसवी सनाचं पाचवं शतक. मुलगा गेलेल्या बापाला एका बाळाच्या जन्माची गोष्ट ऐकवली गेली!

तेव्हापासूनची ही रीत मूर्तिपूजक श्वेतांबरांच्या पर्युषणात, श्रावण-भाद्रपदातल्या आठ दिवसांच्या पर्वात, आजही पाळली जाते. जन्मवाचनाच्या दिवशी चांदीची 14 स्वप्नं एकेक करून खाली उतरवतात, त्यांची बोली लागते, नारळ फुटतात, पाळणा झुलवतात. मुंबई-पुण्याच्या गुजराती, मारवाडी देरासरांत (जैन मंदिरांत) हे गणपतीच्या आगेमागे दिसतं. तो काही वाढदिवस नव्हे, वाचन जन्मापाशी पोहोचल्याचा आनंद असतो.

कोल्हापूर-सांगलीकडचे मराठीभाषक जैन शेतकरी बहुतेक दिगंबर. त्यांच्या भाद्रपदातल्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वात कल्पसूत्र नाही, म्हणून जन्मवाचनही नाही. इंद्रानं मेरू पर्वतावर बाळाला घातलेल्या स्नानाची आठवण म्हणून मूर्तीला अभिषेक, गावातून मिरवणूक आणि बायकांच्या तोंडी पाळणा, हे सगळं ते चैत्रातल्या त्या एका दिवशी करतात.