ठाण्याहून विमान पकडताना: अंतर, वेळ आणि तारखेचा हिशोब

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर. विमान पुरेशा उंचीवर गेलं की ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगानं जातं. म्हणजे दीड तासाच्या आत पोहोचायला हवं, मग तिकिटावर सव्वादोन तास कसे? कारण विमान जागेवरून हललं की वेळ सुरू होते आणि दिल्लीत जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढता-उतरतानाचा कमी वेग, थोडा वळसा, सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीत विमानाला वरच घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या हे धरूनच वेळ छापतात. म्हणून रस्ता मोकळा मिळाला तर विमान दहा-पंधरा मिनिटं आधीही उतरतं.

दुबई सुमारे १,९३० किलोमीटर. जाताना सव्वातीन तास, येताना जरा कमी. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात तर जोरात. लंडनच्या प्रवासात हाच फरक तासाभराचा होतो.

तिकिटावर नेहमी त्या-त्या गावची वेळ असते. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. सकाळी १०:०० ला निघून ११:४५ ला पोहोचलात, तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही, सव्वातीन तासांचा झाला. दुबईहून रात्री १०:०० ला निघालेलं विमान इथे पहाटे अडीचच्या सुमारास उतरतं, म्हणून न्यायला येणाऱ्यांना पुढची तारीख सांगा.

सर्वांत महाग पडणारी चूक मध्यरात्रीच्या विमानाची. तिकिटावर 'रविवार, ००:४०' असेल तर घरातून शनिवारी संध्याकाळीच निघायचं. रविवारी रात्री पोहोचलात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो, आणि तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. अशा तिकिटावर निघायचा वार आम्ही तिकीट काढून देणारे पेननं वेगळा लिहून देतो. तो वाचाच.

घरातून निघायची वेळ उलटी मोजा. देशांतर्गत विमानांचे सामानाचे काउंटर बहुधा ६० मिनिटं आधी बंद होतात, गेट सुमारे २५ मिनिटं आधी. सकाळी ७:०० चं विमान असेल तर ५:०० ला विमानतळावर हवं. ठाण्यातल्या नौपाड्याहून सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर, पहाटे पाऊण तास पुरतो. संध्याकाळी पवईमार्गे जाताना दोन तास हाताशी ठेवा. परदेशी जाताना तीन तास आधी पोहोचा.

विमानतळ कोणता, हेही आता तपासावं लागतं. नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटतात. त्या तिकिटावर 'एनएमआय' असतं, जुन्या विमानतळाच्या तिकिटावर 'बीओएम'. दोन्हींचे रस्ते वेगवेगळ्या दिशांना आहेत. सहारला पोहोचल्यावर चूक कळली, तर विमान हातचं गेलंच समजा.

नागपूरला जाणाऱ्यांनी समृद्धी महामार्गाचाही विचार करावा. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर. संपूर्ण रस्ता जून २०२५ पासून खुला आहे. विमानात दीड तास, पण घर ते घर पाच-सहा तास जातात. गाडीनं थांबे धरून नऊ-दहा. एकटे असाल तर विमानच बरं. चौघं आणि भरपूर सामान असेल तर गाडी परवडते, फक्त निघण्याआधी टायर आणि त्यातली हवा तपासून घ्या.