जुनी लाकडी होडी आणि फायबरचा लेप

लहान लाकडी होडी बांधायच्या दोन पद्धती मुरलेल्या आहेत: कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या फळ्या, किंवा कडेला कड भिडवून सांध्यात ठोकलेला कापूस. पहिलीचा देखणा नमुना १८८० साली नॉर्वेत एका दफनटेकडीत सापडला. साडेसहा मीटरची, सुमारे अकराशे वर्षांपूर्वीची वल्ह्यांची होडी. ही नॉर्डिक परंपरा २०२१ साली अमूर्त वारशाच्या जागतिक यादीत गेली.

जीर्णोद्धाराचा वाद मात्र अलीकडचा. पूर्वी कुजली फळी काढून नवी बसवत, विषय संपला. १९४०च्या दशकात काचतंतू (म्हणजेच फायबर) आणि वाळून कडक होणारी पॉलिएस्टरची राळ, म्हणजे रेझिन, यांच्या होड्या आल्या, पुढच्या दोन-तीन दशकांत लाकडी होड्यांचं काम आटलं, आणि गळक्या लाकडी होडीवर बाहेरून फायबर चढवायची टूम निघाली. एकदा लेप दिला की गळती बंद, असा हिशेब.

हा हिशेब लाकडाचा स्वभावच विसरतो. फळी पाण्यात फुगते, उन्हात आकसते. फुगलेल्या फळ्या एकमेकींना दाबतात तेव्हाच सांधे बंद होतात. पॉलिएस्टरचा ताठ थर या हालचालीबरोबर हलत नाही आणि ओलसर लाकडाला नीट चिकटतही नाही. त्यात तळाशी पावसाचं पाणी साचतं. खारं पाणी लाकूड बऱ्यापैकी टिकवतं, गोडं पाणी कुजवतं. बाहेरून होडी गुळगुळीत दिसते. टिचकी मारली की पोकळ वाजते, आतून पेचकस टोचला तर भिजल्या पावात जावा तसा आत जातो.

घोळ वाढवला तो शब्दाने. १९७०च्या दशकात इपॉक्सी या घट्ट चिकटणाऱ्या राळेने लाकडी पट्ट्या किंवा प्लायवुड चिकटवून, लाकूड चारही बाजूंनी बंद करून होड्या बांधू लागले. त्यांचं लाकूड कोरडंच राहतं, फारसं हलत नाही, म्हणून तिथे काचकापड टिकतं. पण त्यालाही ‘फायबर लावणं’ म्हणतात, आणि तिथलं यश खिळ्यांनी जोडलेल्या जुन्या होडीलाही लेप द्यावा यासाठी दाखला म्हणून पुढे केलं जातं. मला हे साफ अमान्य आहे. खिळे निकामी झाले असतील तर खिळे बदलावेत. ओकच्या फळीत लोखंडी खिळ्याभोवती निळसर-काळा डाग दिसला, तर तिथे लोखंड आणि लाकूड दोन्ही झिजत आहेत असं समजावं. लेपाखाली हा डाग दिसतच नाही.

साजसरंजामातही जुनं-नवं असंच अडकतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून टांगायचं इंजिन बाजारात आलं. वल्ह्यांसाठी निमुळती ठेवलेली मागची बाजू त्याच्या वजनाने खाली बसते. १९५०च्या दशकापासून सुती शिडाच्या जागी पॉलिएस्टरचं कापड आलं. ते सुतासारखं ताणत नाही, त्यामुळे वाऱ्याचा झटका थेट डोलकाठीच्या बुडाशी आणि जुन्या बरगड्यांवर, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या वाकड्या लाकडांवर, येतो. नवं शीड चढवण्याआधी त्या बरगड्या तपासाव्या लागतात.