वैचारिक निबंधातील युक्तिवाद

एखाद्या प्रश्नावर बाजू घेऊन ती कारणांसह, मोजक्या शब्दांत पटवून देण्याची विद्यार्थ्यांच्या निबंधातील रीत. वर्णनात्मक वा कल्पनाप्रधान निबंधात मत नसले तरी भागते. इथे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावेच लागते.

न्यायदर्शनाने, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेने, अनुमानाची पाच अंगे सांगितली आहेत: प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरण प्रस्तुत विषयाला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष). शालेय निबंधात बहुधा प्रतिज्ञाच गायब असते. सुभाषित, ‘आजच्या धावपळीच्या युगात’, फायदे, तोटे, की झाला निबंध. सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी कितीतरी मुले मराठीत निबंध लिहितात. गाईडमधली तयार वाक्ये त्यांना शुद्धलेखनाच्या चुकांपासून वाचवतात, आणि स्वतःचे मत मांडण्यापासूनही.

‘सोलापूर जिल्ह्यातील ऊस’ हा विषय घेऊ. ‘मला असे वाटते की, ऊस हे पीक कदाचित आपल्या भागासाठी काही प्रमाणात अयोग्य असू शकते’ या वाक्यात लेखक चार वेळा मागे सरकतो. त्याऐवजी: ‘सोलापूर जिल्ह्यात उसाला पाटाने पाणी देणे थांबवावे, ठिबकनेच द्यावे.’ हेतू असा की, जिल्हा पर्जन्यछायेत आहे आणि ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहतो, म्हणजे अख्खा उन्हाळा त्याला पाणी पुरवावे लागते. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर निघते, ही तुलना उदाहरणादाखल पुरते.

पूर्वपक्षही, म्हणजे विरोधी बाजूचा आक्षेपही, मांडावा लागतो. उसाला एफआरपी (कारखान्याने द्यायचा, सरकारने ठरवलेला किमान दर) आहे, दारात कारखाना आहे. शेतकऱ्याने तो का सोडावा? पण ऊस सोडा, असे प्रतिज्ञेत म्हटलेलेच नाही. आवाज चढवून ठामपणा येत नाही. विधान नेमके केले की निम्मे आक्षेप आपोआप गळतात. उरतो तो ठिबकच्या खर्चाचा, आणि त्याला उत्तर द्यावेच लागते. नुसते ‘शासनाने लक्ष द्यावे’ हे उत्तर नव्हे. अनुदान किती आणि ते हातात पडेपर्यंत पैसे कुणी घालायचे, हे लिहावे लागते.

काटछाट करताना ‘का?’ला उत्तर न देणारे वाक्य आधी जाते. सुभाषित बहुतेकदा तिथेच गळते. ‘बहुधा’, ‘काही ठिकाणी’ हे शब्द मात्र सरसकट खोडू नयेत. ठिबकने पाणी वाचते हे ठामपणे लिहिता येते. वाचलेले पाणी ज्वारीकडेच जाईल, हे नाही. ते वाढीव उसालाही जाऊ शकते.