चिळकांडी उडाली म्हणून माती अस्सल ठरत नाही

चहाच्या ट्रेवर ठेवून ज्यावर चहा ओततात ते मातीचं बाहुलं, म्हणजे टी-पेट, घेताना हमखास ऐकवलं जातं: गरम पाणी ओतल्यावर पोराच्या आकाराच्या ज्या बाहुल्याची ‘शू’, म्हणजे पाण्याची चिळकांडी, लांब उडते, ते चीनमधल्या यीशिंगच्या अस्सल मातीचं. हे साफ चूक आहे. बाहुलं पोकळ असतं, छिद्र अगदी बारीक. गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे निघतात. लगेच गार पाण्यात टाका, पाणी आत ओढलं जातं. मग वरून उकळतं ओतलं की आतली हवा फुगून पाण्याला बाहेर ढकलते. साध्या मातीचं बाहुलंही हेच करतं! चिळकांडीसाठी जादा पैसे कृपा करून देऊ नका.

घ्यायचं तर बिनझिलईचं घ्या. चहा मुरून त्यावरच तुकतुकी चढते. साबण नको, तोही मुरतो. साध्या पाण्याने धुऊन वाळवा.